वाचक विचारतात : जहाजातून माया संस्कृतीचे अवशेष

प्रश्न : एप्रिलमध्ये मायामीहून क्रूझ आहे. मेक्सिकोतल्या कोझुमेलला आठ तास थांबा. चिचेन इत्झाचे माया अवशेष बघणं होईल का? – एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नाही, तो हट्ट सोडा. कोझुमेल बेट आहे. फेरीबोटीने किनाऱ्यावरचं प्लाया देल कारमेन पाऊण तास, पुढे बसने अडीच तास, परत तेवढंच. तुलुमचे माया अवशेष मात्र प्लायाहून बसने तासाभरावर, समुद्राच्या कड्यावर, तेच करा. गुडघे कुरकुरत असतील तर बेटावरचंच सान गेर्व्हासिओ हे माया स्थळ बरं.

घड्याळ सांभाळा! कोझुमेलला २०१५ पासून उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) नाही, मायामीत आहे. जहाज मायामीच्या वेळेवर असेल, तर मोबाइल तासभर मागे दाखवेल आणि जहाज चुकेल. उशीर झाल्यास जहाज स्वतःच्याच सहलीसाठी थांबतं, खासगी गाडीसाठी नाही. परतताना अमेरिकेत पुन्हा शिरायचं, म्हणून अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीच (अनेकदा प्रवेशाचा) हवा.