वाचकांचे प्रश्न : कलचुरींची सुरुवात ११५७ की ११६२?

प्रश्न : कल्याणीच्या कलचुरींची सत्ता एका पुस्तकात ११५७ पासून धरली आहे, दुसऱ्यात ११६२ पासून. खरे काय? आणि शिलालेख स्वतः वाचून ते ठरवता येते का?

उत्तर : दोन्ही वर्षांना आधार आहे. बिज्जल हा मंगळवेढ्याचा, चालुक्यांचा महामंडलेश्वर, म्हणजे बडा मांडलिक. ११५७ च्या सुमारास तो सम्राटाच्या पदव्या लावू लागला. ११६२ मध्ये चालुक्य राजा तिसऱ्या तैलाला बाजूला सारून कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, त्याने ताब्यात घेतले.

लेखात निव्वळ पदवी पाहून निष्कर्ष काढू नका. पदव्यांची त्या काळी खैरातच होती. ‘तत्पादपद्मोपजीवी’ (त्याच्या चरणकमलांवर जगणारा) हा शब्द शोधा. त्याच्या आधी येतो तो धनी, नंतर येतो तो मांडलिक. आधी चालुक्य राजा आणि नंतर बिज्जल असेल, तर निदान कागदोपत्री तो चाकरच. बिज्जलाचे नाव आधी आणि नंतर थेट एखादा दंडनायक (सेनापती) आला, की वरचा धनी उडाला म्हणून समजा.

सन काढताना शक ‘गत’ (पुरी झालेली वर्षे मोजणारा) असेल तर ७८ मिळवा, ‘चालू’ (सुरू असलेले वर्षही मोजणारा) असेल तर ७७. तिथी जानेवारी ते मार्चमध्ये पडत असेल तर आणखी एक. हमखास चूक होते ती इथेच, म्हणून संवत्सराचे नाव ताडून पाहा : गत शक १०८४ म्हणजे चित्रभानू, सन ११६२-६३.

प्रश्न : बसवण्णांच्या वीरशैव चळवळीमुळे हे राज्य बुडाले का?

उत्तर : बिज्जलाचा शेवट त्या संघर्षाशी जोडला जातो, पण वीरशैव आणि जैन कथा एकमेकींशी जुळत नाहीत. शिवाय राज्य त्याच्यामागेही सुमारे पंधरा वर्षे टिकले. एवढ्या काळात सोमेश्वर (सोविदेव), संकम, आहवमल्ल, सिंघण असे त्याचे चार मुलगे गादीवर आले. कुणाचाच जम बसला नाही. होयसळ, काकतीय, यादव हेही पूर्वीचे चालुक्यांचे मांडलिक. कालपर्यंत आपल्याच पंगतीला बसणाऱ्याला ते सम्राट कशाला मानतील? आमच्या मते खरे दुखणे हेच. शेवटी कलचुरींच्याच पदरचा सेनापती ब्रह्म फिरला आणि ११८३ च्या सुमारास चालुक्य चौथा सोमेश्वर कल्याणीला परतला. त्यालाही ती फार दिवस लाभली नाही. काही वर्षांतच यादव भिल्लमाने त्याला तिथून हुसकावले.