देव मानायचा पण बायबल नाही, हे कसं काय?

प्रश्न : डीइस्ट लोक, म्हणजे धर्मग्रंथ न मानता नुसत्या बुद्धीच्या आधारे देव मानणारे युरोपातले विचारवंत, देव मानायचे म्हणतात, मग ख्रिस्ती धर्माशी त्यांचं भांडण नेमकं कशावरून होतं?

उत्तर : भांडण देव आहे की नाही यावर नव्हतंच, तो ग्रंथातून माणसांशी बोलला की नाही यावर होतं. डीइस्टांचं म्हणणं, देवाने जग केलं, नियम घालून दिले, माणसाला बुद्धी दिली, बास, आता वेगळा ग्रंथ, चमत्कार कशाला? इंग्लंडमध्ये १७३० साली मॅथ्यू टिंडलने हे फार जोरात मांडलं, आणि त्याचा मुद्दा मला आजही बोचतो, की देव न्यायी असेल तर तारणासाठी, म्हणजे पापातून सुटण्यासाठी, लागणारी गोष्ट तो एकाच काळात एकाच लोकांना सांगून बाकी सगळ्यांना अंधारात कसा ठेवेल?

यावर जोसेफ बटलर या पाद्र्याने १७३६ मध्ये उत्तर दिलं. तो म्हणाला, अहो निसर्गात तरी कुठे सगळ्यांना सारखं मिळतं? कुणाला तब्येत मिळते, कुणाला बुद्धी, कुणाला काहीच नाही, तरी तो निसर्ग देवाचाच आहे असं तुम्ही मानता ना, मग बायबलमध्ये तशाच अडचणी दिसल्या तर लगेच नाकारता कशाला?

उत्तर खरंच भारी आहे, पण माझ्या मते दुधारी आहे, कारण ते वाचून एखादा बायबलकडे वळेल तर दुसरा म्हणेल की मग निसर्गातला देव पण नको. चमत्कारांचा वाद वेगळाच, तिथे १७४८ ला चमत्कारांवर शंका घेणारा स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम आला, आणि तो तर डीइस्टसुद्धा नव्हता असं बरेच अभ्यासक मानतात.