मन खातं, की तोंड दाखवायला जागा नाही?

तुम्ही विचारलंय: बहिणीचे दागिने तिला न सांगता गहाण ठेवले, दोन वर्षं घरी गेलो नाही. हे अपराधीपण की लाज?

दोन्ही आहे. पण घरापासून लांब ठेवतेय ती लाज.

आपल्या बोलण्यात हा फरक आहेच. केलेल्या गोष्टीवरून 'मन खातं', आणि लाजेत 'तोंड दाखवायला जागा नाही' असं होतं. हेलन ब्लॉक लुईस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ साली हेच मांडलं: अपराधीपणात नजर कृत्यावर असते, लाजेत अख्ख्या स्वतःवर. कृत्य निस्तरता येतं. आपणच वाईट ठरलो, तर लपण्यावाचून काय उरतं?

माझं सांगतो. आम्ही देवगडकडचे. मामाकडून ४०,००० रुपये घेऊन मी मुंबईत आंब्याच्या पेट्या विकायला गेलो. पैसे बुडाले आणि मामाला मात्र 'व्यापाऱ्याकडे अडकलेत' म्हणत राहिलो. मन खात होतं, पण मी केलं काय, तर त्याचे फोन घेणं सोडलं. सलग तीन गणपती गावी गेलो नाही.

चौथ्या वर्षी पाच हजार घेऊन गेलो. मामा पडवीत सुपारी कातरत बसला होता. सगळं खरं सांगितलं. तो खूप बोलला, आणि मग म्हणाला, "पैशाचा जावंदे, तू येवचो कित्याक बंद झालंस?" इतकी वर्षं मी पैशांची चूक उगाळत होतो, त्याला लागलं होतं ते माझं न येणं.

आपल्याकडे देवापुढच्या गाऱ्हाण्यात 'चुकलामाकला पदरात घे' म्हटलं की सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. चूक चारचौघांत बोलली जाते आणि चुकणारा तिथेच, सगळ्यांत उभा असतो. मला ते फार मोठं वाटतं.

जगावंसंच वाटत नाही इथवर विचार जात असतील, तर आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. फोन मोफत आहे.

नाहीतर बहिणीला फोन करा. 'मी फार वाईट माणूस आहे' असं म्हणू नका, मग तिलाच तुमची समजूत काढत बसावं लागेल. काय ठेवलं, कुठे ठेवलं, व्याज किती चढलं, कधी सोडवणार, एवढं सांगा. ती लगेच माफ करेल असं नाही. पण फोन करण्याआधी गहाणाची पावती शोधून मुदत बघा; मुदत टळली तर दागिने लिलावात जाऊ शकतात.