वेल्डिंगची बीड काळी पडतेय? आधी पंखा बंद करा, मग गॅसवाल्याला शिव्या द्या

या वेळी टपालात निम्मे प्रश्न आरगन वेल्डिंगचेच (जोडावर आरगन गॅस सोडत करायचं वेल्डिंग) आलेत, त्यातले चार घेतो. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण ते दुखणं सगळ्यांचंच आहे.

प्रश्न : काका नमस्कार. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. पहिल्यांदाच डेअरीच्या पाईपलाईनचं काम घेतलंय, ३०४ एसएसची (स्टेनलेस स्टीलची) ट्यूब, ५१ एमएम, जाडी दीड एमएम. बीड (जोडावर उठणारी धातूची रेघ) चांदीसारखी येतच नाही, राखाडी नाहीतर काळपट, मधे मधे सुईच्या टोकाएवढी भोकं. गॅस मिनिटाला १० लिटरवर होता तो १८ वर नेला तर अजूनच घाण. गॅसवाला म्हणतो माल एक नंबर आहे, आमचा वेल्डर म्हणतो बाटल्यात पाणी आहे. सप्लायर बदलू का? बाटला पण पटापट संपतोय.

उत्तर : सप्लायर राहू द्या हो, आधी मला सांगा शॉपमध्ये पंखा कुठं आहे. मे महिना, पत्र्याची शेड, बाहेर ४३, म्हणजे स्टँडचा पंखा वेल्डरच्या पाठीमागं फिरत असणार हे मी न बघता सांगतो. ताशी ८ किलोमीटरच्या वर वारा गेला की गॅसचं वेल्डिंग उघड्यावर करू नये असं धरतात, आणि ८ म्हणजे काहीच नाही, पंख्याचा झोत त्याच्यापेक्षा सहज जास्त असतो.

गॅस खराब आहे का हे पाच मिनिटात कळतं. एसएसचा पत्र्याचा तुकडा घ्या, ॲसिटोननं पुसा, पंखा बंद करा, दारं लावा, फिलरची तार न घालता एका जागी चार-पाच सेकंद आर्क धरा आणि आर्क बंद झाल्यावर टॉर्च (हातात धरायचं वेल्डिंगचं हँडल) हलवू नका, गॅस आपोआप थांबेपर्यंत तिथंच धरून ठेवा. ठिपका चकचकीत आला तर बाटला ठीक आहे, भानगड तुमच्याकडं आहे. त्याच वेळी टॉर्चमधल्या टंगस्टनच्या काडीचं टोक पण बघा, चांदीसारखं राहिलं तर छान, निळं-काळं पडलं तर एकतर गॅस लवकर तुटतोय नाहीतर कुठून तरी हवा शिरतीय. हवा बहुतेक वेळा टॉर्चच्या बॅक कॅपमधून (मागच्या टोपणातून) शिरते, तिथं एक बारकी ओ रिंग असते, ती उष्णतेनं कडक होऊन चिरते आणि कुणी बघतच नाही. किंमत चहाएवढी, आणि तिच्यापायी लोक तीन-तीन बाटले परत पाठवतात.

आता १८ चं. तुम्हाला वाटलं जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण, सगळ्यांनाच वाटतं. पाणी येईल त्या दिवशी घरचा नळ बघा, हळू सोडला की धार काचेसारखी पडते, पूर्ण सोडला की पांढरी होते, कारण त्यात हवा मिसळते. नोझलचं अगदी तसंच आहे. तुमच्याकडं बहुतेक ५ नंबरचा कप (टॉर्चच्या तोंडाचं नोझल) असणार, त्याचं तोंड ८ एमएम. त्यातून मिनिटाला १० लिटर सोडले तर गॅस सेकंदाला साधारण सव्वातीन मीटरनं बाहेर पडतो, १८ सोडले की सहा मीटर. तेवढ्या वेगाला ती धार मोडते, गरगरते आणि बाजूची हवा ओढून थेट वितळलेल्या धातूवर आणून टाकते. म्हणजे तुम्ही पैसे देऊन ऑक्सिजन मागवताय. तेच १० लिटर ८ नंबरच्या कपातून सोडा, तोंड साडेबारा एमएम, वेग सव्वा मीटरच्या आसपास येतो आणि गॅस गुमान खाली पसरतो.

त्यात ट्यूब गोल. सपाट पत्र्यावर गॅस पडून पसरतो, थोडा वेळ तिथं टिकतो, ट्यूबवर दोन्ही बाजूंनी घसरून जातो, तोही हवेपेक्षा जड असल्यामुळं. म्हणून पत्र्याला जो कप चालतो तो ट्यूबला चालेलच असं नाही, ट्यूबला रुंद कप लागतो, परवडलं तर गॅस लेन्स, त्याचं पुढं सांगतो. आणि टॉर्च फार आडवी करू नका, उभ्यापासून १५-२० अंश खूप झालं, जास्त लवली की मागच्या बाजूनं हवा ओढली जाते. वेल्डर बसल्या जागी ट्यूबभोवती हात वळवतो तेव्हा हा कोन दर इंचाला बदलत जातो, बीड अर्धी सोनेरी अर्धी काळी का येते ते इथं कळेल. ट्यूब रोलरवर ठेवा, हात स्थिर, ट्यूब फिरवा.

बाटल्याचा हिशोब पण करून टाकू. ४७ लिटरचा बाटला, १५० बार, म्हणजे सात हजार लिटर गॅस. १८ ला तो साडेसहा तासात संपतो, १० ला पावणेबारा तास जातो. फ्लोमीटर (गॅस किती जातोय ते दाखवणारी नळी) मात्र उभा सरळ बसवा, तिरका असला की गोळी खोटं बोलते.

आता आतली बाजू, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही आणि डेअरीवाला तेच बघणार. बाहेरून बीड कितीही देखणी असू दे, आत आरगन नसेल तर रूट (जोडाची आतली बाजू) साखरेसारखा दाणेदार काळा होतो, त्या खडबडीत भागात दूध अडकतं, नासतं, आणि रंग जिथं चढलाय तिथं वरच्या थराखालचं क्रोमियम कमी झालेलं असतं म्हणून पुढं गंजतं पण. ट्यूबची दोन्ही तोंडं बंद करायची, एकीकडून खालच्या बाजूनं आरगन सोडायचा, दुसरीकडं वरच्या बाजूला बारीक भोक ठेवायचं, जड गॅस खालून भरत हवेला वरून ढकलतो. ५० एमएमच्या एक मीटर ट्यूबमध्ये दोन लिटर हवा असते, तिच्या दहापट गॅस जाऊ द्या म्हणजे २० लिटर, ८ च्या फ्लोला अडीच मिनिटं. मग ३-४ वर आणून वेल्डिंग. टाके (ट्यूब जागेवर धरायला मारलेले बारके वेल्ड) मारताना पण पर्जिंग, म्हणजे आत आरगन सोडणं, चालू पाहिजे, लोक टाके तसेच मारतात आणि नेमका त्या टाक्यांवर आत काळा डाग राहतो. शेवटचा इंच बंद करताना ते वरचं भोक उघडं आहे ना बघा, नाहीतर आतला दाब रूट बाहेर फुगवतो.

तोंडं बंद करायला आपल्या गावात हमखास टेरी टॉवेलचा बोळा कोंबतात, कटपीस फुकट मिळतात ना. कोंबा, पण जोडापासून वीतभर तरी लांब आणि वाळलेला, ओला बोळा म्हणजे तुमच्या वेल्डरचं ते बाटल्यातलं पाणी.

मला हे शहाणपण फुकट आलेलं नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चिंचोळीला एका शॉपमध्ये कामाला होतो, नाव नको. असाच उन्हाळा, असंच ट्यूबचं काम. आमचे मिस्त्री तेलुगू, विणकराच्या घरातले, तीन भाषा बोलायचे आणि तिन्हीत कमीच बोलायचे. ते दोन दिवस लग्नाला गेले आणि आम्ही पोरांनी मोठा पंखा आमच्याकडं वळवून घेतला. दोन दिवसात चाळीस जोड. पार्टीचा माणूस आला, खिशातून बारकी बॅटरी आणि दाताच्या डॉक्टरकडं असतो तसला आरसा काढला, पहिल्या ट्यूबमध्ये घातला, काही बोलला नाही, दुसऱ्या, तिसऱ्या, मग बॅटरी बंद करून खिशात. चाळीसच्या चाळीस कापले. मिस्त्री आले, त्यांनी आम्हाला एक शब्द बोलला नाही, उदबत्ती पेटवली आणि वेल्डिंगच्या टेबलावर उभी केली. धूर आडवा पळत होता. "आता सांगा, काय करालाव बे," एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी आर्कच्या आधी उदबत्ती लावतो, धूर वीतभर सरळ वर गेला पाहिजे. (नवीन पोरांना वाटतं काका देवभोळे आहेत. वाटू दे.)

पंखा बंद केला तर वेल्डर उकडून मरेल हे मला कळतं. पंखा त्याच्या पाठीवर, टेबल आणि पंख्याच्या मधे पत्र्याचा आडोसा. सोलापुरी चादर टांगू नका हात जोडतो, सुती आहे ती, एक ठिणगी पुरते.

प्रश्न : काका मी आयटीआयला आहे. कपवर ४, ५, ६, ७ असे नंबर असतात ते कशाचे? सर म्हणतात अनुभवानं कळेल. आणि गॅस लेन्स म्हणजे खरंच भिंग असतं का?

उत्तर : सरांना बहुतेक माहीत नसणार, त्यांना सांगू नको मी असं म्हणालो. नंबर म्हणजे एक इंचाचे सोळावे भाग. ४ म्हणजे सोळातले चार, म्हणजे पाव इंच, ६ एमएमपेक्षा थोडा जास्त. ८ म्हणजे अर्धा इंच. झालं.

भिंग-बिंग काही नसतं बाळा, जाळी असते. साध्या टॉर्चमध्ये गॅस कोलेट बॉडीच्या (टंगस्टन धरणाऱ्या भागाच्या) बाजूच्या चार भोकांतून येतो आणि कपाच्या भिंतीवर आपटत बाहेर पडतो. लेन्समध्ये तो बारीक तारेच्या जाळ्यांच्या एकावर एक थरांतून गाळून येतो, म्हणून सरळ आणि लांबपर्यंत जातो. साध्या कपात टंगस्टन किती बाहेर काढायचं तर फार तर कपाच्या तोंडाच्या रुंदीएवढं, लेन्स असेल तर त्याहून बरंच जास्त चालतं. ट्यूबच्या कोपऱ्यात, टी जॉईंटला जिथं कप आत जात नाही तिथं ह्याचाच फायदा. पण जाळीवर एकदा धातूचा शिंतोडा बसला की तिथनं गॅस वाकडा यायला लागतो, मग ती टाकून द्यायची, सुईनं टोकरत बसायचं नाही.

जुना कप फेकायच्या आधी एकदा उजेडासमोर धरून तोंडाची कड बघ. गुलाबी सिरॅमिक असतं, कडेला केसाएवढी रेघ दिसेल, नखानं लागते. त्या रेघेतून पण हवा जाते. आणि गरम कप ओल्या फडक्यावर ठेवू नको, रेघ तिथंच पडते.

प्रश्न : आम्ही चौकोनी ट्यूबचे बेंच आणि गेट बनवतो, सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या) मशीनवर. तासाभरात नोझल आतून भरून जातं. पोरगं व्हाइसवर आपटून साफ करतं. चालतं का?

उत्तर : नाही चालत. आपटलं की नोझल अंडाकृती होतं, गॅस एका बाजूनं येतो, आणि आतला गॅस पसरवणारा डिफ्यूझर पण तुटतो. नोझल थोडं गरम असताना अँटी स्पॅटर जेलमध्ये तोंडापुरतं बुडवायचं, पहिल्या जोडाच्या आधी, म्हणजे शिंतोडे धरत नाहीत आणि पक्कडीनं सहज निघतात. तरी तासाभरात भरत असेल तर व्होल्टेज आणि वायरचा मेळ बसलेला नाही, किंवा नोझल जोडापासून फार लांब धरताय. फ्लो १२ ते १५ ठेवा. पावडर कोटिंगच्या पार्टीला जाणारा माल असेल तर आधी विचारून घ्या, सिलिकॉनचा स्प्रे मारलेल्या जागी रंग धरत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर दर वर्षी ऑफ सीझनला साखर कारखान्यात कंत्राटावर जातात, पॅनच्या (रस आटवायच्या मोठ्या बंद भांड्याच्या) आत उतरून ट्यूबचं आरगन वेल्डिंग असतं. परवा म्हणाले आत डोकं जड झालं आणि झोप यायला लागली. उन्हानं असेल का?

उत्तर : ताई, ऊन असेलही, पण मी ते धरून चालणार नाही आणि तुम्हीही धरू नका. आरगनला वास नाही, रंग नाही, तो विषारी पण नाही, तो फक्त ऑक्सिजनची जागा घेतो. हवेच्या १.३८ पट जड, म्हणून बंद भांड्यात खाली साचतो, आणि मिस्टर बसून काम करत असणार म्हणजे तोंड नेमकं तिथंच. श्वास कोंडल्यासारखं सुद्धा होत नाही, नुसतं जड वाटतं, झोप येते, आणि माणूस आडवा होतो. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की आत उतरायचं नाही आणि आत असेल तर वर यायचं.

वर मी पंखा बंद करा म्हणून ओरडलो, इथं नेमकं उलटं आहे, इथं हवा खेळलीच पाहिजे. फक्त आर्कवर फुंकायची नाही, ब्लोअरचा पाईप तळाला सोडून खालची हवा ओढून बाहेर टाकायची, वरून ताजी आपोआप येते. ऑक्सिजन मीटर गुडघ्याच्या खाली टांगलेला. वर मॅनहोलपाशी एक माणूस, ज्याचं दुसरं काहीही काम नाही, आणि आतला पडला तर त्यानं उडी मारायची नाही, दोरीनं ओढायचं आणि मदत बोलवायची, कारण मागून वाचवायला उतरलेला माणूस पण तिथंच पडतो. मीटर आणि वरचा माणूस कंत्राटदारानं द्यायचा असतो, मागून घ्यायला सांगा, दिला नाही तर त्या दिवशी आत उतरायचं नाही.

आणि चहाला वर आले की टॉर्च आत टाकून यायचं नाही. बाटला बंद करून नळीसकट टॉर्च बाहेर ओढायची, कारण एखादा व्हॉल्व्ह गळत असला तर अर्ध्या तासाच्या चहात पॅन खालून भरत जातो आणि परत उतरणाऱ्याला काहीच दिसत नाही.