मुंबईत नवीन परमिट रूमचं लायसन काढायचंय, आधी डिपॉझिट देऊ की आधी अर्ज करू?

तुम्ही लिहिलंय की भांडुप स्टेशनजवळ गाळा मिळतोय, मालक डिपॉझिटसाठी घाई करतोय आणि एजंट म्हणतोय पैसे टाका, बाकी सगळं मी बघतो. माझं उत्तर एवढंच, डिपॉझिट थांबवा आणि आधी टेप घेऊन गाळ्यावर जा. मस्करी नाही करत. मी आणि माझा मेव्हणा घाटकोपरला परमिट रूम चालवतो, आणि या लाईनीत पैशामुळे अडकलेली माणसं मी कमी बघितलीत, चुकीच्या गाळ्यामुळे अडकलेलीच जास्त.

मुंबईत बारपासून 75 मीटरच्या आत शाळा-कॉलेज किंवा धार्मिक स्थळ चालत नाही, एसटीचा स्टँड-डेपोही त्यात धरतात. पण हे अंतर गुगल मॅपवर सरळ रेघ मारून काढायचं नसतं, माणूस पायी ज्या वाटेने जातो त्या वाटेने मोजतात. आमच्याकडे एक्साईजचे साहेब आले तेव्हा दाराच्या बरोबर मध्यावर टेपचं टोक मेव्हण्याने चपलेखाली दाबून धरलं आणि साहेबांबरोबरचा शिपाई फुटपाथने भाजीवाल्याच्या पाट्या चुकवत, वळण घेऊन शाळेच्या गेटपर्यंत गेला. शाळेची भिंत आमच्या मोरीच्या खिडकीतून दिसते हो, पण गेट मागच्या गल्लीत, म्हणून सुटलो. देवळाचं म्हणाल तर ट्रस्ट रजिस्टर आहे का ते धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात बघून घ्या, नाक्यावरचं शेंदूर लावलेलं छोटं देऊळ आणि नोंदणी असलेलं मंदिर यात फरक पडतो. (तक्रार करणारे मात्र दोन्हीकडून येतात, त्याची तयारी ठेवा.) हायवेपासून 500 मीटरच्या आत बार चालत नाही हे प्रकरण अजून व्हॉट्सअॅपवर फिरतं, ते डोक्यातून काढा, जुलै 2017 मध्ये सुप्रीम कोर्टानेच महापालिका हद्दीतल्या बारना त्यातून सोडलं.

अंतर बसलं की गाळ्याचे कागद. ओसी, म्हणजे इमारत वापरायला पालिकेचा दाखला, आहे का, गाळा कमर्शियल आहे का, पोटमाळा प्लॅनमध्ये दाखवलाय का नंतर ठोकलाय. हे मालकाला तोंडावर विचारा, तो चिडला तर समजून जा. मग आधी रेस्टॉरंट उभं करायचं, म्हणजे गुमास्ता (दुकानाची नोंदणी), बीएमसीचं हेल्थ लायसन, फूड लायसन, फायरची एनओसी. डिसेंबर 2017 ला कमला मिलच्या आगीत 14 माणसं गेली, तेव्हापासून फायरवाले जिना आणि बाहेर पडायची वाट नीट बघतात, आणि बघायलाच पाहिजे.

तुम्हाला लागणारं लायसन म्हणजे एफएल-3, परमिट रूमचं लायसन ते हेच. अर्ज ऑनलाइन, पण माणसं ऑफलाइन. भांडुप उपनगर जिल्ह्यात येतं, त्यामुळे फाईल निरीक्षकाकडून अधीक्षकांकडे आणि मंजुरीला वांद्र्याला कलेक्टरकडे. पोलीस व्हेरिफिकेशन मध्ये असतंच. फी दरवर्षी भरायची, मुंबईत ती लाखांत जाते, 31 मार्चच्या आत रिन्यूअल. नुसती बियर-वाईन ठेवणार असाल तर फॉर्म ई वेगळा, तो बराच स्वस्त पडतो, गिऱ्हाईक कोण आहे ते बघून ठरवा.

एजंट घ्या, फॉर्म भरायला आणि फाईल कुठल्या टेबलावर बसलीय ते बघायला तो कामाचा आहे. पण "पॅकेज" बोलला की उठा. आणि लायसन तुमच्याच नावाने असू दे. पार्टनर असतील तर आत्ताच नावं टाका, मागाहून नाव चढवायला परत परवानगी आणि परत फी.

अजून एक रस्ता आहे. जून 2025 ला सरकारने चालू एफएल-3 कराराने दुसऱ्याला चालवायला द्यायला मान्यता दिली, वार्षिक फीच्या 10 टक्के जादा भरून. असं दुसऱ्याचं लायसन चालवणं, म्हणजे कंडक्टिंग, आधीही चालायचंच, फक्त सगळं तोंडी. तुमच्या पट्ट्यात कोणी म्हातारे मालक मुलगा परदेशात म्हणून कंटाळलेले असतील तर त्यांच्याकडे चहाला जाऊन या, नवीन फाईल ढकलण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

लायसन आल्यावर रोजची कामं वेगळीच, रात्री स्टॉकचं रजिस्टर लिहा, वेटरांचे नोकरनामे (दारू देणाऱ्या नोकरांचे एक्साईजचे परवाने) काढा, 25 च्या खालच्याला व्हिस्की देऊ नका, बियरला 21 चालतं. अनंत चतुर्दशी, आषाढी, निवडणूक, ड्राय डे धरून गल्ल्याचा हिशोब मांडा. आणि मेन्यूकार्ड छापायच्या आधी दारूवर 10 टक्के व्हॅट लावून बघा, नोव्हेंबर 2023 च्या आधी तो 5 होता. आमच्या हॉटेल-बारवाल्यांच्या आहार संघटनेने 14 जुलै 2025 ला बंद पुकारला तो अशाच टॅक्स आणि फीवाढीवरून, आम्हीही शटर खाली ठेवलं, दुसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा बिलावर तेच 10 टक्के.