चांदीचं ड्रेसिंग वापरण्याआधी

चिघळलेली जखम दिसली की लगेच चांदीच्या ड्रेसिंगकडे हात जाऊ देऊ नकोस. चांदीचे आयन जंतू मारतात, हे खरं. पण जंतू कमी झाले म्हणजे जखम भरेलच असं नाही. ब्रिटनमधल्या व्हल्कन चाचणीत (2009) शिरांच्या दोषामुळे झालेल्या पायाच्या जखमांवर चांदीचं आणि साधं ड्रेसिंग लावून पाहिलं. 12 आठवड्यांनी भरलेल्या जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. तिथे खरं काम करतो तो दाबपट्टा, आणि तोही पायाचा रक्तपुरवठा तपासूनच बांधायचा. मधुमेही पावलावर भार येत राहिला तर कुठलंच ड्रेसिंग पुरणार नाही.

मग चांदी कधी? स्राव अचानक वाढला, दुर्गंधी आली, जखमेच्या तळाचं लालसर मांस सहज रक्ताळू लागलं, तेव्हा. आधी जखम धुऊन मृत पेशी काढ. दोन आठवड्यांनी नीट तपास. जंतुसंसर्गाची लक्षणं गेली असतील तर चांदी बंद कर. सुधारणा नसेल तर निदानच पुन्हा बघायला हवं. लाली पसरतेय, ताप आहे, तर डॉक्टरांना लगेच कळव, अँटिबायोटिक लागेल.

आणि हो, नॅनोक्रिस्टलाइन प्रकार (चांदीच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचं ड्रेसिंग) सलाईनने नव्हे, निर्जंतुक पाण्याने ओला करतात. पाकिटावरची सूचना दर वेळी वाच.