सिनेमांच्या यादीत सगळ्या कॉलममध्ये एकदम कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: घरातल्या व्हीसीडी, डीव्हीडी आणि हार्ड डिस्कवरच्या सिनेमांची गूगल शीट आहे. नाव, वर्ष, दिग्दर्शक, कलाकार, भाषा, कशावर आहे आणि कुठे ठेवलाय असे सात कॉलम. एका सेलमध्ये 'कोठारे' टाकलं की ते नाव कुठल्याही कॉलममध्ये असो, त्या सगळ्या ओळी समोर यायला हव्यात.

फिल्टरच्या बाणांनी हे होणार नाही, कारण दोन कॉलमना लावलेल्या अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. दिग्दर्शक आणि कलाकार दोन्हीकडे 'कोठारे' लावलंत तर 'झपाटलेला' (१९९३) दिसेल, कारण महेश कोठारे दिग्दर्शकही आहेत आणि पडद्यावरही आहेत. 'छोटा जवान' (१९६३) मात्र गळेल. त्यात ते फक्त बालकलाकार आहेत. कंट्रोल-एफला दोन्ही सापडतात, पण ते एकेका सेलवर उडी मारत नेतं, ओळी एकत्र दाखवत नाही.

माझं मत सरळ आहे: सात कॉलममध्ये शोधूच नका. सातही कॉलम जोडून आठवा कॉलम करा आणि फक्त त्यात शोधा.

यादीचे कॉलम ए ते जी आणि पानाचं नाव 'यादी' धरू. फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहितोय. शीटमध्ये हीच नावं, कॉलमची अक्षरं धरून, इंग्रजीत टाकायची. एच२ मध्ये:

=ॲरेफॉर्म्युला(ए२:ए&" | "&बी२:बी&" | "&सी२:सी&" | "&डी२:डी&" | "&ई२:ई&" | "&एफ२:एफ&" | "&जी२:जी)

हा एकदाच लिहायचा, खाली ओढायची गरज नाही. मधली उभी रेघ गाळू नका, नाहीतर एका कॉलमचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीला चिकटून भलतेच शब्द तयार होतात. आठवा कॉलम नंतर लपवून टाकला तरी चालतो.

आता 'शोध' नावाचं नवं पान उघडा. बी१ हा शोधाचा सेल. ए४ मध्ये:

=फिल्टर(यादी!ए२:जी, इझनंबर(सर्च(बी१, यादी!एच२:एच)))

सर्चला शब्द सापडला की तो कितव्या अक्षरावर आहे तो आकडा मिळतो, नाही सापडला तर एरर. इझनंबर त्याचं हो-नाही करतं आणि फिल्टर 'हो'वाल्या ओळी उचलतो. काहीच सापडलं नाही तर पूर्ण फॉर्म्युल्याभोवती इफएररचं वेष्टण घालून 'सापडलं नाही' असं लिहवून घ्या. सर्चऐवजी फाइंड वापरू नका. इंग्रजीत लिहिलेल्या नावांत फाइंड लहान-मोठी लिपी वेगळी धरतं.

दोन शब्द हवे असतील तर बी२ हा दुसरा सेल ठेवा आणि फिल्टरमध्ये स्वल्पविराम देऊन तसाच दुसरा इझनंबर जोडा. 'पटेल' आणि 'स्मिता' टाकलं की 'जैत रे जैत' (१९७७) आणि 'उंबरठा' (१९८२) हे जब्बार पटेलांचे सिनेमे समोर येतील, अर्थात तुमच्या यादीत असतील तर. दोहोंपैकी एक शब्द चालत असेल तर दोन इझनंबरच्या मध्ये अधिकचं चिन्ह द्या.

अर्धवट शब्दही जुळतो, हे लक्षात असू द्या. 'राम' टाकलंत की राम गबाले येतील, श्रीराम लागू येतील, शांतारामबापूही येतील. बहुतेक वेळा हे सोयीचंच असतं. नको असेल तर शोधताना उभी रेघ, जागा, 'राम' आणि पुन्हा जागा असं टाका. मग पहिला कॉलम सोडून (त्याच्या आधी रेघ नाही) ज्या सेलची सुरुवातच 'राम' या शब्दाने होते, तेवढेच उरतात.

एवढं करूनही मराठी यादीत शोध फसतो, आणि फॉर्म्युल्यात चूक नसते. 'ॲक्शन'मधला ॲ घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, हे एकच अक्षर आहे, पण बरेच कीबोर्ड 'अ' आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे टाकतात, काही त्या दोघांमध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह घुसवतात, आणि काही लोक सरळ ऍ लिहितात. डोळ्यांना सगळं जवळपास सारखं दिसतं, सर्चला हे चार वेगळे शब्द वाटतात. 'ताऱ्यां'मधल्या ऱ्याचीही हीच गत. तेव्हा जोडलेल्या मजकुराला सब्स्टिट्यूट, म्हणजे एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारं फंक्शन, लावा: आधी युनिचार(८२०५), म्हणजे ते अदृश्य जोडचिन्ह, काढून टाका, मग अॅ आणि ऍ या दोघांचं ॲ करा, आणि ऱ चं र. बी१ मधल्या शब्दालाही हेच सगळं लावायला विसरू नका. मूळ यादीला हात लागत नाही, बदल फक्त लपवलेल्या कॉलममध्ये होतो.

हिंदी की हिन्दी, हा घोळ फॉर्म्युल्याने निस्तरू नका. भाषेच्या कॉलमला ड्रॉपडाउन लावा, म्हणजे कोणी वेगळं लिहूच शकणार नाही. वर्षांचे आकडेही सगळीकडे एकाच लिपीत ठेवा. शोधात देवनागरी आकडे आणि यादीत इंग्रजी, तर काही हाती लागणार नाही.

कोणीतरी क्वेरी वापरा असंही सुचवेल. ते फंक्शन जबरदस्त आहे, पण इथे त्यात एक काटा आहे. एका कॉलममध्ये आकडे आणि मजकूर मिसळलेले असतील तर ते बहुसंख्य प्रकार धरतं आणि बाकीचे सेल रिकामे समजतं. वर्षाच्या कॉलममध्ये कुठे 'साधारण १९८०' असं लिहिलं असेल तर तेवढंच गायब, आणि एररही येत नाही.

एक्सेल असेल तर फिल्टर फंक्शन २०२१ आणि ३६५ मध्ये आहे. तिथे दोन अटी स्वल्पविरामाने नाही, गुणाकाराच्या चिन्हाने जोडायच्या. लिबरऑफिसमध्ये ते २४.८ पासून आलं. त्याहून जुनं काही असेल तर आठव्या कॉलमला साधा ऑटोफिल्टर लावून त्यातला 'कंटेन्स' पर्याय घ्या. दिसायला साधं आहे, काम तेच होतं.

आणि कलाकार १, कलाकार २, कलाकार ३ असे वेगळे कॉलम केले असतील तर मोडून टाका. सगळी नावं एका सेलमध्ये, स्वल्पविराम देऊन. वाचलेल्या जागेत 'कोणाला दिलाय' हा कॉलम घ्या आणि एच२ मध्ये तोही जोडा. मग बी१ मध्ये 'मामा' टाकलं की मामाकडून काय काय परत यायचंय ते दिसेल.